मदत हवी आहे: ब्लूटूथ कीबोर्डच्या दोन की टॅबलेटवर ढिम्म

डिचोलीतल्या वाचनालयाच्या अँड्रॉइड १३ टॅबलेटला ब्लूटूथ कीबोर्ड जोडलाय. अक्षरं, कंट्रोलचे शॉर्टकट, आवाजाच्या की सगळं नीट. फक्त ग्लोब (भाषा बदलायची) आणि स्क्रीन लॉक या दोन की काहीच करत नाहीत. नोंदी मराठी, कोंकणी, इंग्रजीत होतात, त्यामुळे ग्लोब फार हवी आहे. दर ओळीला स्क्रीनवर बोट लावून भाषा बदलणं जिकिरीचं होतं.

पेअरिंग काढून पुन्हा केलं. सेल नवे. एफएन + ई ने अँड्रॉइड मोड निवडला, एफएन लॉक दोन्ही बाजूंनी पाहिला. की-टेस्टर अ‍ॅपमध्ये दोन्ही कींचा स्कॅनकोड (कीबोर्ड पाठवतो तो कीचा क्रमांक) एकमेकांपेक्षा वेगळा दिसतो, कीकोड (अँड्रॉइड त्या कीला देतं तो अर्थ) मात्र दोन्हींचा शून्य, म्हणजे अनोळखी. म्हणजे सिग्नल पोचतोय, कीबोर्डात दोष नाही. टॅबलेटच्या कीलेआउट फाइलमध्ये (कोणत्या स्कॅनकोडची कोणती की, ही यादी) त्या स्कॅनकोडला नावच नाही. अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेवर चालणारं जे रीमॅपिंग अ‍ॅप (कीचं काम बदलणारं) मी वापरून पाहिलं ते कीकोडच बघतं, त्यामुळे दोन्ही की त्याला एकच वाटतात.

टॅबलेट संस्थेचा, रूट करता (सिस्टीमचे पूर्ण अधिकार घेता) येणार नाही. वायरलेस डीबगिंग (वाय-फायवरून टॅबलेटला कमांड देण्याची सोय) चालू करायची परवानगी आहे, पण रीस्टार्टनंतर रोज संगणक लावून कमांड देणारं इथे कोणी नसतं. अशा वेळी रूटशिवाय, स्कॅनकोडवरून की ओळखणारं आणि रीस्टार्टनंतरही टिकणारं मॅपिंग कुणी करून पाहिलंय का, आणि कोणत्या अ‍ॅपने?