जुन्या जिप्सीला खालून धडका येतोय : हाउसिंग बदलायचं की आधी क्रॉस बघायचे?

भांडुपची_जिप्सी
नमस्कार मंडळी. गाडी बाबांची, 1998 ची जिप्सी किंग, ताडपत्रीच्या टपाची. आता मीच चालवते आणि ती विकायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

पहिल्या गिअरला क्लच सोडला की खालून ‘ठक्’ असा धडका येतो. चालत्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की परत तोच. पंचावन्न-साठच्या वेगाला सीटखाली थरथर सुरू होते, चौथ्यात असो की पाचव्यात. क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली तरी थरथर जात नाही. हे सगळं टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), पुढचे हब (पुढची चाकं शाफ्टला जोडणारी कुलपं) मोकळे असताना. शिवाय फोर-एलमध्ये (ताकद चारही चाकांना, वेग कमी) चढावर त्याचा दांडा कधीकधी आपोआप बाहेर येतो. घोंघावल्यासारखा आवाज मात्र अजिबात नाही.

एका गॅरेजमध्ये एक चक्कर मारून सांगितलं, “मागचा क्राऊन-पिनियन गेलाय, अख्खं हाउसिंग बदला.” (म्हणजे मागच्या डिफरन्शियलमधली दातेरी चक्रं आणि त्यांची पेटी.) खाली वाकूनही पाहिलं नाही. माझ्याकडे जॅक, दोन स्टँड, पान्यांचा सेट आणि बाल्कनीत छोटा वाइस आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला यातलं काय करता येईल?

ठाण्याचा_फोरबायफोर
करता येईल, पण जागा सपाट हवी. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा) सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा थांबत नाही, कारण गिअरबॉक्स आणि चाकाचा संबंधच तुटतो. चारही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. जुन्या विलिस जीपवर तर हँडब्रेकचा ड्रमच ट्रान्स्फर केसच्या (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) मागे असतो. मागचा शाफ्ट काढला की तो हँडब्रेक मागच्या चाकांना धरतच नाही. जिप्सी उंच असल्याने खाली सरपटत जाता येतं, त्यामुळे या कामाला जॅक लावूच नका.

डेपोतला_फिटर
ताई, हाउसिंगचं तूर्त बाजूला ठेवा. तुम्ही लिहिलेल्यात क्राऊनची खूण जवळजवळ नाहीच. क्राऊन-पिनियन बिघडलं की ते गातं. अ‍ॅक्सिलरेटर देताना एक सूर, सोडताना दुसरा. तुमच्याकडे सूर नाही, नुसता धडका आहे. धडका म्हणजे कुठेतरी मोकळीक साठलीय. ती शोधायला पाना लागत नाही, हात पुरतो.

जिप्सीत ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, वेगळी टांगलेली असते. म्हणून शाफ्ट तीन : गिअरबॉक्सपासून ट्रान्स्फर केसपर्यंतचा छोटा मधला, तिथून मागचा आणि पुढचा. टू-एच आणि हब मोकळे असताना पुढचा शाफ्ट फिरतच नाही, म्हणजे तो बाद. उरले मधला आणि मागचा. लोक मागचा लांब शाफ्ट बघतात आणि मधल्याला विसरतात. वर सरकवलेला, चिखलाने माखलेला, त्याला वर्षानुवर्षं कुणी ग्रीसगन लावलेली नसते. आणि तोच मागच्यापेक्षा जोरात फिरतो, कारण जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचं हाय रेंजचं गुणोत्तरही सरळ एकास एक नाही.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाकांना ठोकळे. खाली जा आणि एका हाताने फ्लँज (शाफ्ट बोल्टने जोडलेली चकती) घट्ट धरून दुसऱ्या हाताने शाफ्ट उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) केसाएवढी जरी हालचाल बोटाला लागली तरी तो गेला. क्रॉसच्या चारही टोकांवरच्या कपांच्या तोंडाशी नीट बघा. तिथे लाल-तपकिरी भुकटी दिसली तर आतलं ग्रीस संपून बेअरिंगच्या सुया गंजल्यात. मग स्लिपच्या (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा जोड) खाचा : शाफ्ट आडवा हलवून बघा.

आता ट्रान्स्फर केसचे रबर. केस तीन जागी रबराच्या बुशांवर टांगलेली असते. कुणालातरी क्लच हळूच सोडायला सांगून केस उडते का, हे अंतर ठेवून बाजूने बघा. इंजिन चालू असताना खाली कुणी जायचं नाही. तुमचा फोर-एलचा दांडा बाहेर येतो ना, तिथे मला या रबरांचा दाट संशय आहे. केस जोराखाली वळली की दांड्याची पकड सुटते.

सगळ्यात शेवटी डिफरन्शियल. पिनियनची फ्लँज वर-खाली हलवा. वर-खाली हलली तर बेअरिंग गेलं. फिरवताना थोडी मोकळीक असणारच, दातांमध्ये ती ठेवलेलीच असते. एक कळकळीने सांगतो : मोकळीक दिसली म्हणून पिनियनचा नट आवळू नका आणि कुणाला आवळू देऊ नका. आत दबणारा स्लीव्ह असतो, बेअरिंगवरचा ताण तोच ठरवतो. नट जास्त आवळला की स्लीव्ह चेपतो, बेअरिंग तापतं आणि चांगलं हाउसिंग खरोखर बाद होतं.

भांडुपची_जिप्सी
काका, तुम्ही सांगितलं तसंच निघालं! मागचा शाफ्ट ठीक आहे. मधल्याचा ट्रान्स्फर केसकडचा क्रॉस हाताने खडखड वाजतो आणि दोन कपांशी लाल भुकटी आहे. एक रबर तर धातूपासून सुटलंच आहे. पिनियन वर-खाली अजिबात हलत नाही. क्रॉस मी वाइसमध्ये बदलू शकते का?

डेपोतला_फिटर
बदला. शाफ्ट सोडण्याआधी फ्लँज आणि शाफ्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा, स्लिपच्या दोन्ही भागांवरही. गिअरबॉक्सच्या मागून तेल येऊ शकतं, म्हणून थाळी ठेवा आणि खाली पुठ्ठा अंथरा. सोसायटीच्या लाद्यांवर तेल पडलं तर उद्या तुम्हाला तिथे काम करू देणार नाहीत.

क्रॉसचे लॉक काढा. वाइसमध्ये एका बाजूला कपापेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला कप आत मावेल एवढी मोठी गोटी, आणि सावकाश दाबा. हातोडा मारून योकचे (क्रॉस धरणारा दुबेळका) कान वाकले तर नवा क्रॉसही टिकत नाही. नवीन बसवताना सुया ग्रीसने कपाच्या भिंतीला चिकटवून ठेवा. एखादी सुई आडवी पडून तळाशी गेली की लॉकची खाच दिसतच नाही. अशा वेळी जोर लावायचा नाही, कप काढून सुई उभी करायची. लॉक बसल्यावर क्रॉस चारही दिशांना हाताने वळला पाहिजे. निपलचं (ग्रीस भरायची तोटी) तोंड ग्रीसगन पोचेल असं ठेवा आणि चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत मारा.

सामान घ्यायला मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात जाताना जुना क्रॉस सोबत न्या. कपाचा व्यास आणि पूर्ण लांबी व्हर्नियरने तिथेच मोजा. रबर तिन्ही एकदम बदला.

ठाण्याचा_फोरबायफोर
त्या पांढऱ्या रेघेबद्दल जोडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत. स्लिप एक दात जरी सरकून बसली तरी नवे क्रॉस घालूनही थरथर तशीच राहते.

भांडुपची_जिप्सी
शाफ्ट बसला, रबरंही. धडका गेला आणि साठला सीटखाली शांत आहे! आता एकच. पावसात एलबीएस मार्गावर गुडघाभर पाण्यातून गाडी गेली होती. मागच्या डिफरन्शियलचं तेल बघायचं का?

डेपोतला_फिटर
बघायचंच. गरम हाउसिंग पाण्यात गार झालं की आतली हवा आक्रसते आणि ब्रीदर (हाउसिंगचं हवा जायचं छिद्र) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. आधी वरचा भरायचा बूच सुटतोय का ते बघा, मगच खालचा उघडा. वरचा अडकला तर रिकामं हाउसिंग घेऊन बसाल. तेल दुधाळ निघालं तर पाणी गेलंय. 90 नंबरचं जीएल-5 भोकाच्या काठापर्यंत भरा आणि ब्रीदर डिझेलने धुऊन त्यातून फुंकर जाते का पाहा. गिअरबॉक्सला मात्र जीएल-4 घाला, आतल्या सिंक्रो रिंगा पितळी असतात. जुनं तेल गटारात ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.