गेस्ट वायफायवरून कंट्रोलरचं लॉगिन पान उघडतंय त्याबद्दल

गेस्ट वायफायला जोडलेल्या मोबाइलवर वायफाय कंट्रोलरचं (सगळे वायफाय पॉइंट सांभाळणारं यंत्र) लॉगिन पान उघडतंय, असं तुम्ही विचारलंय. त्यावर पासवर्ड कठीण ठेवा असं वरती एका दादांनी लिहिलंय ते बरोबरच, पण गेस्टच्या मोबाइलवर लॉगिन पान दिसतंच कसं हा खरा घोळ आहे ना. मी इकडे इंदुरात विजयनगरकडच्या हॉटेलांची कामं करतो, तिथे गेस्ट, बिलिंग, कॅमेरे सगळं एकाच नेटवर्कात कोंबलेलं असतं आणि मग असं होणारच.

सिस्कोचा जुना, एअरओएस सॉफ्टवेअरवाला कंट्रोलर असेल तर मॅनेजमेंट व्हाया वायरलेस (वायफायवरून कंट्रोलरची सेटिंग उघडायची सोय) मुळात बंदच असतं, कोणीतरी सोयीसाठी चालू करून ठेवतं. ते बंद करा, पण त्याने फक्त वायफायवाले अडतात, वायरवरून पान उघडतंच, म्हणून सीपीयू एसीएल (कंट्रोलरपर्यंत कोण पोहोचेल ते ठरवणारी यादी) लावून आयटीच्या व्हीलॅनलाच (वेगळ्या केलेल्या नेटवर्कलाच) वाट ठेवा आणि लावताना कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट यंत्राला जोडायची) जोडून बसा, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. साधं, कूटबद्ध नसलेलं एचटीटीपी तर बंदच पाहिजे.

सिस्कोचा नवा ९८०० कंट्रोलर असेल तर अजून सांभाळा. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयओएस एक्सईच्या (त्यातल्या सॉफ्टवेअरच्या) वेब यूआयमधला, म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांमधला, सीव्हीई-२०२३-२०१९८ नावाचा सुरक्षेचा दोष निघाला होता, त्यात लॉगिन न करताच बाहेरचा माणूस लेव्हल १५ चा (सगळे अधिकार असलेला) युजर बनवू शकत होता, म्हणजे तिथे तुमचा कठीण पासवर्ड काय करणार? अपडेट टाका, एचटीटीपी सर्व्हरला (ही पानं दाखवणाऱ्या भागाला) अ‍ॅक्सेस क्लास लावा म्हणजे ठरावीक पत्त्यांवरूनच तो उघडेल, आणि युजरच्या यादीत अनोळखी नाव दिसतंय का तेही बघा. फक्त घाईत एचटीटीपी सर्व्हर पूर्ण बंद करू नका, गेस्टचं वेबऑथ (ब्राउझरमध्ये येणारं गेस्टचं लॉगिन) त्याच्यावरच चालतं, आधी पॅरामीटर मॅपमध्ये (वेबऑथच्या सेटिंगमध्ये) वेबऑथपुरतं चालू ठेवायचा पर्याय आहे तो बघा. तुमचं मॉडेल कोणतं आहे?