फुटीर, फुटीरतावादी की फुटून निघालेला?

प्रश्न : व्हीएमआरओ-नारोदना पार्टिया या मॅसेडोनियातल्या (आताचा उत्तर मॅसेडोनिया) पक्षाबद्दलच्या मजकुराचं भाषांतर आहे. त्यात त्याला ‘छोटी कॉन्झर्व्हेटिव्ह स्प्लिंटर पार्टी’ म्हटलंय. ‘स्प्लिंटर पार्टी’ला ‘फुटीरतावादी पक्ष’ चालेल? आणि ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ला ‘सनातनी’?

शब्दमित्र : दोन्ही नकोत. ‘फुटीरतावादी’ म्हणजे देशातून वेगळं होऊ पाहणारा. हा पक्ष २००४ मध्ये ल्यूबचो गिओर्गिएव्स्की यांच्या समर्थकांनी काढला, तो व्हीएमआरओ-डीपीएमएनई या मूळ पक्षातून बाहेर पडून. गिओर्गिएव्स्की मूळ पक्षाचे पहिले अध्यक्ष, १९९८ ते २००२ पंतप्रधान. २००३ मध्ये अध्यक्षपद निकोला ग्रूएव्स्कींकडे गेलं. म्हणजे पक्ष फुटला, देश नव्हे. तिथे २००१ साली अल्बेनियन बंडखोरांशी सशस्त्र संघर्ष झालेला असल्यामुळे ‘फुटीरतावादी’ वाचून वाचक थेट त्या बंडखोरांकडेच जाईल.

अनुवादक : मग ‘फुटीर गट’?

शब्दमित्र : ‘फुटीर’ आमदारांना शोभतं, पण त्यात ठपका आहे. ‘गट’ पक्षाच्या आत असतो किंवा त्याच नावावर हक्क सांगतो. इथे नाव वेगळं, उमेदवार याद्या वेगळ्या. ‘मूळ पक्षातून फुटून निघालेला पक्ष’ लिहा. लांब आहे, पण चुकत नाही. कॉन्झर्व्हेटिव्हला ‘परंपरावादी’. ‘सनातनी’ला आपल्याकडे धर्माचा वास येतो.

अनुवादक : नावाचं काय? परंपरावादी पक्षाच्या नावात ‘क्रांतिकारी’ कसं?

जुना वाचक : ‘व्हीएमआरओ’ म्हणजे अंतर्गत मॅसेडोनियन क्रांतिकारी संघटना. ती १८९३ मध्ये, आज ग्रीसमध्ये असलेल्या थेसालोनिकीत, ऑटोमन राजवटीविरुद्ध स्थापन झाली. ‘अंतर्गत’ म्हणजे मॅसेडोनियाच्या भूमीत राहून लढणारी. बल्गेरियाची राजधानी सोफिया इथली मॅसेडोनियन समिती बाहेरची. आजचे पक्ष त्या वारशावर हक्क सांगतात, म्हणून हा शब्द गाळू नका. ‘नारोद’मध्ये लोक आणि राष्ट्र दोन्ही येतात, तरी ‘नारोदना पार्टिया’ला ‘जनता पक्ष’ नको, वाचकाच्या डोळ्यासमोर आपलाच पक्ष येईल. ‘लोकपक्ष’ बरा. कार्यकर्त्यांना तिथे ‘व्हमरोवत्सी’ म्हणतात, म्हणजे आद्याक्षरांचा सरळ शब्दच झालाय.

शब्दमित्र : ‘छोटा’ हे विशेषणही आकड्यानं द्या. २००६ मध्ये सुमारे ६ टक्के मतं आणि १२० पैकी ६ जागा. २०११ मध्ये सुमारे अडीच टक्के, जागा शून्य. तिथे ६ मतदारसंघ, प्रत्येकी २० जागा, वाटप मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या द’हाँत पद्धतीनं. कायद्यात किमान टक्केवारीची अट नाही, पण एक जागा हमखास मिळवायला त्या मतदारसंघात जवळपास पावणेपाच टक्के लागतात. त्यामुळे मतं अर्ध्याहून कमी झाली आणि जागा थेट शून्यावर आल्या. ‘प्रभावहीन’ लिहिण्यापेक्षा हे लिहा.