फ्रीझरमध्ये ठेवायचा ग्लिसरिनवाला वॉटर पाइप: घेण्यासारखा आहे का नुसता शो?

मंदधूर
सध्या साधा काचेचा बाँग (पाण्यातून धूर ओढायचा पाइप) आहे, वरून बर्फ टाकतो, काम भागतं. आता ते ग्लिसरिन कॉइलवाले सगळीकडे दिसायला लागलेत. वरचा भाग सुटा निघतो, आत काचेची वेटोळी नळी, तिच्याभोवती सीलबंद ग्लिसरिन, तेवढाच भाग तासभर फ्रीझरमध्ये टाकायचा, परत बसवायचा आणि धूर त्या वेटोळ्यातून थंड होऊन येतो म्हणे. साध्यापेक्षा बराच महाग. मला तरी हिशोब पटत नाही. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळतानाच ३३४ ज्यूल उष्णता खातो, आणि ग्लिसरिन एका ग्रॅमला एका डिग्रीमागे जेमतेम २.४. मग फुकटातला बर्फ सोडून हे कशाला? कोणी पटवून दिलं तर घेतो.

काचवेडा
आकडे बरोबर पण प्रश्नच चुकीचा विचारलायस रे. धुरात उष्णता असते तरी किती? एका झुरक्यात अर्धा लिटर हवा धर, म्हणजे अर्धा-पाऊण ग्रॅम वजन, ती ५० डिग्रीने थंड करायला तीसेक ज्यूल लागतात. कॉइलमध्ये ५० ग्रॅम ग्लिसरिन असलं तर एका झुरक्याने ते पाव डिग्री तापेल, बस. खरा फरक पडतो तो काचेला धूर किती लागतो त्याने. बर्फाच्या खड्यांमधून धूर सरळ वर निघून जातो, वेटोळ्यात त्याला लांबचा रस्ता घ्यावा लागतो. शिवाय बर्फ वितळून खाली पाणी वाढतं, मग बुडबुडे जास्त, ओढायला जड, आणि मधेच तोंडात पाण्याचा शिंतोडा. ह्यात ती कटकट नाही.

घासून_घासून
आणि धुवायचं कोणी? 😀 हे कोणी सांगत नाही. धूर थंड काचेला लागला की डांबर तिथेच जमतं, म्हणजे कॉइल जितकी भारी तितकी लवकर काळी. सरळ नळीत ब्रश घालता येतो, वेटोळ्यात काय घालणार? आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जाडं मीठ टाकून हलवत बसायचं, मीठ आत अडकतं ते वेगळंच. थोडे दिवस आळस केला की नळी चोंदते आणि झुरका घेताना गाल आत जातात. माझ्याकडचा आता शोकेसमध्ये आहे, दिसतो छान.

काचवेडा
मीठ टाकूच नका कॉइलमध्ये. नुसतं अल्कोहोल भरून दोन्ही तोंडं बंद करून ठेवा, मग कोमट पाणी. आणि फ्रीझरमधून काढून लगेच गरम पाण्याखाली धरू नका, बोरोसिलिकेट (उष्णता सोसणारी काच) असली तरी तडकू शकते, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फ्रीझरमध्ये टाकण्याआधी आतून पूर्ण कोरडी पाहिजे, पाण्याचे थेंब राहिले तर बर्फ होऊन रस्ता बंद.

मंदधूर
पण मग फ्रीझरमध्ये ग्लिसरिन गोठून काच फुटत नाही का? पाण्याची बाटली फुटते तशी?

काचवेडा
पाणी गोठताना फुगतं म्हणून फुटते. शुद्ध ग्लिसरिनचा गोठणबिंदू १८ डिग्रीच्या आसपास आहे पण ते सहजासहजी गोठत नाही, नुसतं घट्ट होत जातं. पाणी मिसळलं तर अजून खाली, दोन भाग ग्लिसरिन एक भाग पाणी असेल तर उणे ४६ च्या आसपास. घरचा फ्रीझर उणे १८, मग कसलं गोठतंय.

उगाच_मधेच
एक सांगू का, राग मानू नका. थंड म्हणजे कमी अपायकारक असं डोक्यात घेऊन कोणी घेत असेल तर नका घेऊ. कार्बन मोनॉक्साइड थंड झाला तरी कार्बन मोनॉक्साइडच, आणि डांबर पाण्यातून गेलं तरी बरंचसं पुढे येतंच. उलट घशाला लागत नाही म्हणून माणूस मोठा झुरका घेतो आणि जास्त वेळ धरून ठेवतो.

घासून_घासून
+१. आणि फुटला तर? साधा फुटला तर नवीन आणता येतो, ह्याची कॉइल गेली की अर्धी किंमत गेली.

काचवेडा
म्हणून तर सुटी कॉइल मिळते का ते बघून घ्यायचा. जॉइंटचं (कॉइल जिथे पाइपवर बसते त्या जोडाचं) माप १४ एमएम का १८ एमएम ते पण बघा, आणि जोडावर प्लास्टिकची क्लिप असू द्या, वरचा भाग जड असतो, कलंडतो. मी दोन कॉइल ठेवतो, एक वापरात, एक फ्रीझरमध्ये. रोज ओढणाऱ्याला परवडतं, महिन्यातून एकदावाल्याने कशाला घ्यायचा.

मंदधूर
मी मधला आहे, आठवड्यातून एकदा-दोनदा. आणि फ्रीझरमध्ये आईस्क्रीमच्या डब्याशेजारी ही कॉइल बघून घरचे काय विचारतील हा वेगळाच विषय 😅 हिशोब पटला पण धुण्याचं ऐकून हात आखडलाय. तूर्तास बर्फच. सुटी कॉइल माझ्या १४ एमएमवर बसणारी मिळाली तर तेवढीच घेईन, अख्खा पाइप नाही.

काचवेडा
हे चालेल. फक्त उंची मोजून घे, वर अजून एक मजला चढला की खालचा तळ रुंद पाहिजे.