एकाच ब्लॉकभोवतीच्या बॉर्डरची आखणी : भिंतीवर लावायच्या क्विल्टसाठी

प्रश्न (सुईदोरा)

ओहायो स्टार या आठ टोकांच्या ताऱ्याच्या नक्षीचा एक ब्लॉक, म्हणजे क्विल्टचा (तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीचा) चौरस घटक, मी शिवून पूर्ण केला आहे. त्याचे तयार माप 12 इंच आहे, म्हणजे चारही बाजूंची पाव इंच माया (शिवणीत जाणारे कापड) धरून तो सध्या साडेबारा इंच भरतो. तारा गडद निळा आहे आणि पार्श्वभूमी फिकट पिवळसर आहे. हा एकच ब्लॉक मध्यभागी ठेवून भिंतीवर लावण्यासाठी सुमारे 24 इंचांचा चौरस क्विल्ट करावा, असा माझा विचार आहे. प्रत्येक बाजूला 6 इंच जागा भरायची आहे. ती एकाच रुंद पट्टीने भरावी की दोन-तीन बॉर्डर लावाव्यात, त्यांची रुंदी कशी ठरवावी आणि ब्लॉकला लागून कोणता रंग घ्यावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. कोपरे सरळ जोडावेत की तिरके (45 अंशांत), हेही माझे अजून ठरलेले नाही.

प्रतिसाद (पाव इंच)

रुंदीचा विचार करण्याआधी क्षेत्रफळ पाहावे, असे मी सुचवीन. 24 इंचांच्या चौरसाचे क्षेत्रफळ 576 चौरस इंच होते आणि आपला ब्लॉक त्यातले 144 चौरस इंच व्यापतो, म्हणजे फक्त एक चतुर्थांश. उरलेले तीन चतुर्थांश कापड बॉर्डरचेच असणार आहे, तेव्हा इथे बॉर्डरला केवळ चौकट समजून चालणार नाही. अनेक ब्लॉकांच्या मोठ्या क्विल्टला 6 इंचांची साधी पट्टी शोभते, कारण तिथे आतल्या भागाचे वजन मोठे असते. एकट्या ब्लॉकभोवती तीच पट्टी लावली तर तारा दूर गेल्यासारखा दिसतो.

म्हणून मी तीन बॉर्डर सुचवतो : आतली 1 इंच, मधली 2 इंच आणि बाहेरची 3 इंच. बाहेर जाताना रुंदी वाढत गेली की नजर मध्यापासून कडेपर्यंत सहज सरकते, आणि तिन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या केल्यावर येणारा एकसुरीपणा टळतो.

आतली पट्टी पार्श्वभूमीच्याच पिवळसर कापडाची घ्यावी, हा माझा आग्रह राहील. ओहायो स्टारची आठ टोके थेट ब्लॉकच्या कडेला टेकतात. तिथेच निळी पट्टी जोडली तर टोके तिच्यात मिसळून ताऱ्याचा आकार हरवतो. पार्श्वभूमीचा रंग पुढे चालू ठेवला तर तारा मोकळ्या जागेत तरंगल्यासारखा दिसतो. पट्टी जोडताना ब्लॉकची उलटी बाजू वर ठेवून शिवावे, म्हणजे शिवणी जिथे एकमेकींना छेदतात ती जागा डोळ्यांसमोर राहते आणि टाका तिच्या आत जाऊन टोक कापले जात नाही.

प्रतिसाद (उरेब)

वरील मताशी मी सहमत आहे. मधल्या बॉर्डरविषयी थोडे अधिक लिहिते, कारण क्विल्टचा खरा स्वभाव तिथेच ठरतो. ब्लॉकमध्ये त्रिकोण आहेत, तर मधल्या बॉर्डरमध्येही त्रिकोण यावेत. ब्लॉकमध्ये नसलेला आकार कडेला आणला की तो पाहुण्यासारखा वेगळा पडतो. आतली 1 इंचाची पट्टी लागल्यावर बाजू 14 इंच होते आणि 14 ला 2 ने पूर्ण भाग जातो, म्हणून 2 इंचांचे अर्ध-चौरस त्रिकोण (दोन रंगांचे दोन त्रिकोण कर्णावर जोडून झालेले चौकोनी तुकडे) प्रत्येक बाजूला बरोबर सात बसतात. साध्या पट्टीचा हाही मोठा उपयोग आहे : ती आतल्या मापाला पुढच्या बॉर्डरच्या पटीत आणून ठेवते. आधी त्रिकोण शिवून मग ते ओढून-ताणून बसवण्यापेक्षा ही पट्टी अर्ध्या इंचाने कमी-जास्त करणे केव्हाही चांगले.

सात ही विषम संख्या असल्यामुळे त्रिकोणांची दिशा मध्यावर उलटवता येत नाही. त्यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक बाजूच्या मध्यभागी एक साधा निळा चौकोन ठेवावा आणि त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन त्रिकोण समोरासमोर लावावेत. मग चारही कोपऱ्यांत साधे चौकोन येतात आणि रचना सर्व बाजूंनी सममित राहते. अशा मांडणीत एकूण 24 त्रिकोणी तुकडे लागतात. त्यांसाठी दोन्ही रंगांचे प्रत्येकी 12 चौकोन पुरतात, कारण चौकोनांच्या एका जोडीतून दोन तुकडे मिळतात. हे चौकोन 3 इंचांचे कापावेत आणि शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा अडीच इंचांवर नेमका छाटावा. त्रिकोणांची कर्णाची कड उरेब (कापडाच्या धाग्यांना तिरकी) असते आणि हाताळताना ताणली जाते, म्हणून इस्त्री फिरवू नये, वरून दाबून उचलावी.

प्रतिसाद (उभा धागा)

मला एक वेगळा पर्याय मांडायचा आहे. ब्लॉक 45 अंशांत वळवून टोकावर उभा ठेवला तर 12 इंचांच्या ब्लॉकचा कर्ण जवळपास 17 इंच होतो. चार कोपऱ्यांत त्रिकोण लावून चौरस पूर्ण केला की प्रत्येक बाजूला फक्त साडेतीन इंचांची बॉर्डर उरते आणि तारा अधिक ठसठशीत दिसतो. या त्रिकोणांसाठी 10 इंचांचे दोन चौकोन घेऊन प्रत्येक कर्णावर एकदा कापावा आणि जोडल्यानंतर ब्लॉकच्या टोकांपुढे पाव इंच सोडून कडा छाटाव्यात. असे कापल्याने बाहेरच्या कडेला सरळ धागा येतो. उरेब कड बाहेर आली तर भिंतीवर क्विल्ट हळूहळू ओघळतो. ज्यांना त्रिकोणांची बारीक बॉर्डर शिवायची नाही, त्यांच्यासाठी ही रचना अधिक शांत आणि तितकीच भारदस्त आहे.

कोपऱ्यांविषयी सांगायचे तर बाहेरची पट्टी साध्या किंवा बारीक छापाच्या कापडाची असेल तर सरळ जोड पुरेसा आहे. पट्ट्यापट्ट्यांचे कापड असेल तरच तिरका जोड करावा, कारण तेव्हा रेषा कोपऱ्यावर वळून एकमेकींना भेटतात. त्यासाठी 24 इंचांच्या बाजूला प्रत्येकी सुमारे 27 इंचांची पट्टी लागेल.

सुईदोरा

सर्वांची मनापासून आभारी आहे. ब्लॉक सरळच ठेवून 1, 2 आणि 3 इंचांच्या बॉर्डर करण्याचे ठरवले आहे. बाहेरची बॉर्डर ताऱ्याच्याच निळ्या रंगाची घ्यावी का? आणि भिंतीवर कडा लहरू नयेत यासाठी कोणती काळजी घ्यावी?

प्रतिसाद (पाव इंच)

अगदी तोच निळा घेऊ नये. 3 इंचांच्या बॉर्डरचे क्षेत्रफळ 252 चौरस इंच, म्हणजे ब्लॉकपेक्षाही जास्त होते, आणि इतका गडद निळा बाहेर आला तर तारा फिका पडेल. एक छटा सौम्य असलेला मध्यम निळा निवडून तारा सर्वांत गडद ठेवावा, आणि ताऱ्याचा निळा बाइंडिंगच्या (कडेवर दुमडून लावायच्या पट्टीच्या) पाव इंचाच्या कडेत परत आणावा. कापडे शेजारी ठेवून कृष्णधवल छायाचित्र काढले की कोणते गडद आणि कोणते मध्यम हे लगेच कळते.

कडा लहरण्याचे कारण बहुधा पट्टी लांब कापून जोडत जाण्यात आणि उरलेली शेवटी छाटण्यात असते. कापडाच्या काठाला समांतर, उभ्या धाग्यात पट्ट्या कापाव्यात, कारण त्या दिशेने कापड सर्वांत कमी ताणले जाते. माप क्विल्टच्या मध्यातून घ्यावे, कडेवरून नव्हे. हिशोबाप्रमाणे बाहेरच्या दोन पट्ट्या साडेअठरा इंच आणि दोन साडेचोवीस इंच लांब येतील. प्रत्यक्ष माप किंचित वेगळे निघाले तर समोरासमोरच्या दोन्ही पट्ट्या त्याच मापाच्या कापाव्यात. दोन्ही टोके आणि मध्य आधी टाचण्यांनी जुळवून मगच शिवावे.

प्रतिसाद (उरेब)

एक गोष्ट पुढच्या टप्प्याची आहे, पण तिचा विचार आत्ताच करावा. तिन्ही थर (वरचा भाग, बॅटिंग म्हणजे मधला भराव आणि मागचे अस्तर) एकत्र शिवताना मध्यभागी दाट टाके आणि बॉर्डरवर विरळ टाके घातले तर मधला भाग आक्रसतो आणि कडा सैल राहतात. त्रिकोणांच्या तिरक्या रेषा बाहेरच्या बॉर्डरवर तशाच पुढे नेल्या तर टाक्यांची घनता सारखी राहते आणि नक्षीही सलग होते. बॅटिंग पातळ आणि सुती घ्यावे, ते भिंतीवर सपाट बसते. मागे दांडीसाठी नेफा लावताना त्याची लांबी क्विल्टपेक्षा इंच-दीड इंच कमी ठेवावी, टाके फक्त अस्तर आणि बॅटिंगमधूनच घ्यावेत आणि नेफ्याच्या बाहेरच्या थराला थोडी ढील द्यावी, म्हणजे दांडीचा फुगवटा समोरून दिसत नाही.