डाय फक्त मुळांनाच लावा
खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय, की महिना व्हायच्या आत भांगात पांढरी रेघ दिसते, तर दरवेळी सगळ्या केसांना डाय लावावा का? नका लावू की हो ताई! केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. रंगाची गरज असते ती तेवढ्याच पट्टीला. टोकांवर दरवेळी डायमधलं पेरॉक्साइड हे रसायन गेलं की ती कोरडी, राठ होतात आणि काळीकुट्ट दिसतात.

आधी कानशिलं, मग भांग घ्या. कंगव्याच्या टोकाने पातळ पातळ पदर पाडा आणि ब्रशने वाढलेल्या भागालाच लावा. कानशिलावरचे केस फार चिवट, रंग लवकर धरत नाहीत, म्हणून तिथे आधी. टोकं फिकी वाटलीच तर धुण्याआधी शेवटची पाच मिनिटं तिथवर ओढा, बास.

एक मात्र कळकळीने सांगते. कानामागे थोडा डाय लावून 48 तास बघा, आणि हे दरवेळी करा. बऱ्याच डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उठते. ‘काळी मेहंदी’ म्हणून जे पुडे मिळतात, त्यांतही ते बरेचदा असतं. निव्वळ मेहंदी लालसरच रंगते. खाज, सूज आली तर तो डाय पुन्हा लावू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्याकडे बेळगावात उन्हाळ्यात बोअरच्या क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात. शेवटचे दोन तांबे तरी नळाचं पाणी घ्या. आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी छटा घेऊन बघा, रेघ कमी उठून दिसते.