गांडुळाच्या पोटातले जिवाणू बाटलीत मिळतात का?

प्रश्न
नमस्कार. राहणं इंदूरला रामबागेत, शेती सांवेरकडे. काळी जमीन, सोयाबीन आणि मग गहू. पहिल्या पावसानंतर बांधावरच्या आंब्याखाली गांडुळाच्या विष्ठेचे बारीक ढीग दिसतात, बोटांत चुरले की भुसभुशीत. दहा पावलांवर शेतात एकही नाही. खताच्या दुकानात सांगितलं, गांडुळं विसरा, त्यांच्या पोटातले जिवाणू बाटलीत आलेत, फवारा. सासरे असते तर त्यांना विचारलं असतं. घेऊ का?

उत्तर १
ताई, थांबा. गांडूळ खातं ती माती पेषणीत दळली जाते, पुढे आतड्यात तिच्यात पाणी आणि साखर असलेला चिकट स्राव मिसळतो. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. आतले बहुतेक जिवाणू तुमच्याच मातीतून आलेले, बाहेर उपाशी निपचित पडलेले. ओल आणि खाणं मिळालं की ते जागे होतात आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतात. ते पोटच बाटलीत कसं येणार? कोरड्या रानावर फवारलेले जिवाणू पुन्हा उपाशीच.

हेही लक्षात ठेवा: नायट्रेटवर जगणारे जिवाणूही त्या पोटात जागे होतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. हा वायू हवा तापवतो. युरियाचंही मातीत नायट्रेटच होतं, म्हणून गांडुळं असली तरी युरिया बेतानेच.

उत्तर २
आम्ही देपालपूरचे. वहिनी, नरवाई, म्हणजे गहू काढल्यावर उरलेली काडी, जाळता का? आंब्याखाली पाला आहे, सावली आहे. शेतात गांडुळानं खायचं काय? उन्हाळ्यात आपली जमीन भेगाळते तेव्हा ते खोल जाऊन वेटोळं करून पडतं. पावसात वर आलं तर राख. गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल गांडुळंही आणून सोडू नका, ती शेणाकचऱ्यात जगणारी, काळ्या मातीत टिकत नाहीत. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे इंदूरलाच होते, काडीकचरा आणि शेण कुजवायची त्यांची पद्धत जगभर इंदूरच्याच नावाने गेली. आणि आपण काडी पेटवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्नकर्ती
हो भाऊ, बटाईदार जाळतो, आणि मी कधी अडवलं नाही. बाटली घेतली नाही. आंब्याकडचे दोन बिघे यंदा जाळायचे नाहीत असं त्याला आजच सांगितलं. काडी वखरून मातीत घालू, वर शेण. पुढच्या आषाढात बांधापासून किती पावलांपर्यंत ढीग दिसतात, ते मोजून इथेच लिहीन.